बॅटरी संपली, हे कोणी ठरवायचं?



तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने गाडीच्या बॅटरीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आम्हाला मात्र हा विषय आमच्या धंद्यातलाच वाटतो. एखादी वस्तू संपली हे आपल्याला कशावरून कळतं, आणि ते ठरवायचा हक्क कोणाचा? बॅटरीच्या बाबतीत हा प्रश्न नुसता चर्चेपुरता नाही. कारची बॅटरी पाच-सात हजारांची, ट्रॅक्टरची त्याहून महाग. ई-रिक्षाचा चार बॅटऱ्यांचा संच तर चालवणाऱ्याची महिन्या-दोन महिन्यांची कमाई खाऊन टाकतो. वर्षभर आधी बदलली तर पैसे पाण्यात. दोन दिवस उशीर झाला तर रात्री अकरा वाजता साकोलीच्या पुढे जंगलात गाडी उभी.

न्यायदर्शनात ज्ञानाची साधनं चार सांगितली आहेत. त्यातली तीन आज आपल्याला पुरतील. प्रत्यक्ष, म्हणजे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं. अनुमान, म्हणजे धूर दिसला म्हणून अग्नी आहे असं समजलं. आणि शब्द, म्हणजे भरवशाच्या माणसाने सांगितलं म्हणून मानलं. गेल्या शंभर वर्षांत बॅटरीचा अंत ओळखण्याची रीत प्रत्यक्षाकडून अनुमानाकडे आणि अनुमानाकडून शब्दाकडे सरकत गेली. तोच इतिहास आज सांगायचा आहे.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. आपल्याकडे खेड्यात बॅटरी म्हणजे टॉर्च. रात्री बांधावर जाताना म्हातारी माणसं म्हणायची, 'बॅटरी घेऊन जा, पानं असतात वाटेत.' (साप म्हणायचं नाही रात्रीचं.) त्या बॅटरीत घालतात ते सेल. त्या सेलच्या पोटात जी काळी भुकटी असते ती मँगनीज डायऑक्साइडची. आणि ते खनिज तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून निघतं. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही इंग्रजी कंपनी निघाली. पुढे तिचं नाव बदललं, १९६२ मध्ये तिच्या जागी सरकारची भागीदारी असलेली 'मॉईल' आली आणि १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारी झाली. चिखल्याचं खनिज भुयारातून काढतात, डोंगरीचं वरून. डोंगरीच्या खनिजाला कोरड्या सेलच्या कारखान्यांत मागणी असते, आणि तिथेच विजेच्या साहाय्याने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड बनवण्याचा कारखानाही आहे. म्हणजे बॅटरीशी या जिल्ह्याचं नातं फक्त गिऱ्हाइकाचं नाही.

हा कोरडा सेल ज्याच्यापासून निघाला तो लक्लांशे नावाच्या फ्रेंच माणसाने १८६६ साली केला. त्याचा अंत सरळ आहे. आतलं जस्त आणि मँगनीज वापरून संपलं की सेल संपला. चुलीतलं सरपण संपावं तसं. त्यात वादाला जागा नाही. टॉर्चचा उजेड पिवळा पडला की घरातलं पोरही सांगतं.

गाडीची बॅटरी या जातीची नाही. ती निघाली त्याच्या थोडी आधी, १८५९ साली, गास्तों प्लांते या दुसऱ्या फ्रेंच माणसाच्या हातून. शिशाचे दोन पत्रे, मध्ये रबराच्या पट्ट्या, दोन्ही मिळून गुंडाळलेले आणि गंधकाम्लात बुडवलेले. वीज आत सोडली की साठते, तार जोडली की परत मिळते. ती परत मिळत असताना दोन्ही पत्र्यांवर शिशाचं सल्फेट जमतं. पुन्हा चार्ज केलं की ते विरघळतं. परतीच्या वाटेवर मात्र दर वेळी थोडं काही मागे राहतं. थोडं सल्फेट कडक होऊन बसतं, थोडा पत्रा गंजतो, थोडा लेप गळून तळाशी पडतो. प्लांतेला तर आपली बॅटरी वापरण्याजोगी करायला ती पुन:पुन्हा चार्ज करून रिकामी करावी लागे. त्यात शिसं वरून खाल्लं जाऊन त्याचा कामाचा थर तयार होई. म्हणजे जी क्रिया तिला घडवते तीच तिला झिजवते. १८८१ मध्ये फोर याने पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची युक्ती काढली आणि हे काम सोपं झालं. आजची बॅटरी त्याच वंशातली.

इथे आमच्या विषयातलं एक जुनं कोडं आठवतं. ग्रीकांनी ते ढिगाचं कोडं म्हणून सांगितलं, आपण धानाची रास घेऊ. राशीतून एक दाणा काढला, रास आहेच. आणखी एक काढला, आहेच. मग रास कोणत्या दाण्याला संपते? कोरडा सेल संपतो. शिशाची बॅटरी अशी दाण्या-दाण्याने कमी होते. तिच्या बाबतीत 'संपली' हा शब्द आपण वापरतो, निसर्ग नाही. कुठेतरी रेघ ओढावी लागते, आणि ती कोण ओढतो यावर पैसा ठरतो.

मोटारीच्या पहिल्या जमान्यात ही रेघ ओढण्याची गरजच नव्हती. गाडी हँडल मारून सुरू होई. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडे. चार्ल्स केटरिंगने केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकवर आला आणि तिथून बॅटरीला पेट्रोलच्या गाडीत खरी नोकरी लागली. तरी हँडल लगेच गेलं नाही. जीपला होतं, अँबॅसेडरच्या बंपरलाही हँडलसाठी भोक होतं. बॅटरी बसली तर डिकीतून हँडल काढायचं, दोन झटके मारायचे, गाडी चालू. स्कूटरला किक होती आणि मॅग्नेटोवर ठिणगी पडे. त्यामुळे बॅटरी अशक्त झाली तरी संसार चालू राहायचा. माणूस सेल्फचा आवाज ऐकत असे. सकाळी 'घर्र' ऐवजी 'घ...र्र...घ...' असं झालं की समजायचं. 'भाऊ, सेल्फ उचलत नाही ना आता' हे वाक्य निव्वळ प्रत्यक्ष ज्ञान आहे. कार्ड नाही, मीटर नाही.

मग अनुमानाचा काळ. जुन्या बॅटरीचा डबा काळ्या कडक रबराचा. वर डांबर ओतून बंद केलेला, आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वर उघड्या दिसायच्या. सहा कप्पे, सहा बुचं. दुकानदार बुच काढून काचेच्या नळीने ॲसिड ओढे आणि आतला तरंगणारा काटा पाहून सांगे, 'पाच घरं चांगली आहेत, तिसरं गेलं.' पूर्ण भरलेल्या बॅटरीच्या ॲसिडचं विशिष्ट गुरुत्व १.२६ च्या आसपास असतं. उष्ण प्रदेशात मुद्दाम थोडं कमी ठेवतात. ज्याचं तिसरं घर गेलं त्याला पूर्ण बॅटरी घ्यावी लागत नसे. डांबर तापवून ते घर उघडत, नव्या प्लेटा बसवत, पट्टी पुन्हा ओतत. धुराने, ॲसिडने त्या कारागिरांच्या फुप्फुसांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको; त्या काळाचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही. पण गिऱ्हाइकासमोर बुच उघडलं जात होतं. काटा दोघांनाही दिसत होता.

१९७० च्या दशकात डबे प्लॅस्टिकचे झाले, कप्प्यांचे जोड भिंतीतून आतल्या आत गेले. प्लेटांच्या जाळीत अँटिमनीऐवजी कॅल्शियम आलं. त्यामुळे पाणी उडायचं प्रमाण खूप घटलं. 'पाणी टाकायची कटकट नाही' अशी बॅटरी निघाली. ही प्रगतीच आहे, आम्ही तिच्या विरुद्ध नाही. बॅटरी हलकी झाली, टिकाऊ झाली. पण बुच गेलं, आणि बुचाबरोबर आत पाहायची सोयही गेली. काही बॅटऱ्यांना वर एक छोटा काचेचा डोळा असतो, हिरवा दिसला तर ठीक. तो डोळा सहापैकी एकाच कप्प्यात बसवलेला असतो. सहा भावांपैकी एकाची नाडी पाहून घर निरोगी आहे म्हणण्यासारखं ते आहे.

इकडे गाडीचं बॅटरीवरचं अवलंबन वाढत गेलं. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली आणि बटन दाबून स्कूटर सुरू करायची सवय लागली. आता कित्येक स्कूटरना किकच नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. बहुतेक मोटरसायकलींत कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणारी यंत्रणा आली, तिचा पंप विजेवर चालतो. पूर्ण मेलेली बॅटरी असेल तर धक्का देऊनही गाडी उठेलच असं नाही. हँडल गेलं, किक गेली, धक्का गेला, बुच गेलं. राहिलं ते कार्ड.

कार्ड म्हणजे शब्दप्रमाण. त्यावर दोन आकडे असतात, समजा चोवीस अधिक चोवीस महिने. पहिल्या मुदतीत बॅटरी फुकट बदलून मिळते, दुसऱ्या मुदतीत उतरत्या सवलतीत. ही सवलत बहुधा छापील किमतीवर मोजतात. जुनी बॅटरी देऊन बाजारात नवी घेतली तर किंमत छापील किमतीहून आधीच कमी असते. म्हणून दुसऱ्या मुदतीत दोन्ही हिशेब मांडून पाहावेत. पण आमचा मुद्दा दुसरा आहे. हमीची मुदत हे बॅटरीचं आयुष्य नव्हे. ती विकणाऱ्याने पत्करलेल्या जोखमीची मर्यादा आहे. लोक मात्र दोन्ही बाजूंनी गल्लत करतात. मुदत संपली म्हणून चांगली बॅटरी काढून टाकतात, किंवा मुदत बाकी आहे म्हणून मरणाऱ्या बॅटरीवर भरवसा ठेवून नागपूरला निघतात.

न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने 'आप्त' कोणाला म्हणावं ते सांगितलं आहे. त्याने ती गोष्ट जशी आहे तशी जाणलेली हवी आणि जशी जाणली तशी सांगायची त्याची इच्छा हवी. विकणाऱ्याच्या बाबतीत पहिली अट बहुधा पुरी होते. दुसरीविषयी आम्ही बोलत नाही, तुम्ही व्यवहारातली माणसं आहात.

आणि कार्डाचा शब्द लिहिला गेला तो कुठल्या हवेसाठी? बॅटरीची परीक्षा प्रयोगशाळेत पंचवीस-सत्तावीस अंशांवर होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त ताप असतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की झीज साधारण दुप्पट, हा या शास्त्रातला ढोबळ नियम. गंमत अशी की बॅटरीवर जो 'सीसीए' म्हणून आकडा छापतात, तो उणे अठरा अंशांवर तिने किती करंट द्यावा याचा असतो. थंड देशांचा शत्रू थंडी, म्हणून त्यांनी माप थंडीचं केलं. तो आकडा खरा करून पाहायचा तर आधी वैनगंगा गोठायची वाट पाहावी लागेल!

आपल्याकडे बॅटरीला मारतो तो उन्हाळा. पण ती उन्हाळ्यात पडत नाही. गरम हवेत आतली क्रिया जलद होते, इंजिनचं तेल पातळ असतं, अशक्त बॅटरीही गाडी ओढून नेते. डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेल घट्ट होतं, क्रिया मंदावते, आणि मे महिन्यात झालेली जखम त्या सकाळी उघडी पडते. लोक म्हणतात थंडीने गेली. म्हणून या भागात कारची बॅटरी तीन-चार वर्षांची मानावी आणि तिसरा उन्हाळा संपला की दरवर्षी दिवाळीच्या सुमारास तपासून घ्यावी. बदलावी असं नाही म्हणत, तपासावी म्हणतो.

ट्रॅक्टरचं दुखणं वेगळं. रोवणीच्या दिवसांत चिखलणीला तो रात्रंदिवस चालतो आणि मळणी, वाहतूक आटोपली की महिनोन् महिने गोठ्यात उभा. उभ्या बॅटरीतली वीज आपोआप दर महिन्याला काही टक्के झिरपते, उन्हाळ्यात आणखी जास्त. अर्धवट रिकाम्या बॅटरीतलं सल्फेट वाळलेल्या गुळाच्या ढेपेसारखं कडक होतं, मग चार्जिंगला दाद देत नाही. ती बॅटरी कामाने मेलेली नसते, रिकामपणाने मेलेली असते. निगेटिव्हची तार सोडून ठेवणं आणि महिन्यातून एकदा चार्जिंगला लावणं, एवढ्याने तिला आणखी दोन हंगाम मिळू शकतात.

आता ई-रिक्षा. २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन तिला कायद्यात जागा मिळाली, आणि ती आपल्या गावांतही आली. बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकामागे एक जोडून अठ्ठेचाळीस व्होल्ट. कारची बॅटरी गाडी सुरू करताना आपल्यातली दोन-तीन टक्के वीज देते आणि लगेच भरून घेते. रिक्षाची बॅटरी रोज जवळजवळ तळापर्यंत उपसली जाते. त्यामुळे वर्ष-दीड वर्षात संच संपतो, कधी त्याआधीच. चारांतली एक आधी ढिली पडते आणि साखळी तिच्याच बळावर चालते. मग भाऊ ती एकच बदलतो, कारण हातात तेवढेच पैसे असतात. जुन्या तिघींबरोबर जोडलेली नवी लवकर खराब होते. गरिबाला वस्तू महाग पडते ती अशी.

या कोड्यावर एक जुनं उत्तर आहे. अमेरिकेत हार्टफर्ड शहराच्या वीज कंपनीने सुमारे १९१० ते १९२४ या काळात विजेच्या मालट्रकना बॅटरी बदलून द्यायची सेवा चालवली. ट्रक बॅटरीशिवाय विकत घ्यायचा, बॅटरी कंपनीची, पैसे मैलाप्रमाणे. तिथे बॅटरी केव्हा संपली हे ठरवणं आणि त्याचा खर्च सोसणं, दोन्ही एकाच हातात होतं. त्यामुळे बॅटरी जपण्यात कंपनीचं हित होतं. नीती आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये बॅटरी-अदलाबदलीच्या धोरणाचा मसुदा काढला तेव्हा अनेकांना ती नवी कल्पना वाटली.

लिथियमच्या गाड्यांत शब्दप्रमाण आणखी पुढे गेलं आहे. तिथे पडद्यावर टक्का दिसतो. २०१० मध्ये आलेल्या निसान लीफच्या बॅटरीत मँगनीज होतं, आपल्या डोंगरीत निघतं तेच मूलद्रव्य. २०१२ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनाच्या उन्हात तिच्या मालकांना पडद्यावरच्या बारा पट्ट्यांतल्या पट्ट्या भराभर कमी होताना दिसल्या. ओरड झाली. मग कंपनीने क्षमतेची हमी दिली: पाच वर्षांत किंवा साठ हजार मैलांत नऊ पट्ट्यांच्या खाली गेली तर दुरुस्त करू किंवा बदलून देऊ. म्हणजे साधारण सत्तर टक्के. धानाच्या राशीची रेघ करारात ओढली गेली. आम्हाला यात लक्षात घेण्याजोगं वाटतं ते हे की ती रेघ लोकांनी ओढायला लावली, आणि ते करू शकले कारण पट्ट्या त्यांना दिसत होत्या. आपल्याकडे विजेच्या कारना आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर अशी हमी मिळते. तिच्यात टक्का किती धरला आहे आणि तो मोजणार कोण, हे वाचल्याशिवाय सही करू नये.

मेलेल्या बॅटरीचं पुढे काय, हेही याच प्रश्नात येतं. कारच्या बॅटरीत आठ-दहा किलो शिसं असतं. जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त बॅटऱ्यांतच जातं. ते वितळवून पुन्हा नवी बॅटरी होते. या बाबतीत ही वस्तू फार गुणी आहे. पण ॲसिड नालीत ओतून मोकळ्या जागेत शिसं वितळवलं तर त्याची धूळ आजूबाजूच्या पोरांच्या रक्तात जाते. रक्तात शिशाचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २००१ च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेणं विक्रेत्याला बंधनकारक केलं, आणि २०२२ च्या नियमांनी तिची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली. भंगारवाला शंभर रुपये जास्त देत असेल, तरी ती दुकानातच द्यावी.

शेवटी प्रत्यक्षाकडे परत जायची सोय आहे का? आहे, आणि ती दोन-तीनशे रुपयांच्या मीटरमध्ये आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर टर्मिनलवर १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावं आणि काटा कुठवर पडतो ते पाहावं. भरलेली बॅटरी ९.६ च्या खाली जात असेल तर ती थकली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. तेवढे नसतील तर दोष चार्जिंगचा आहे, आणि नवी बॅटरी घातली तरी तीही बसणार. या सगळ्याच्या आधी टर्मिनल घासून घट्ट करावं. पांढरी बुरशी धरलेल्या टर्मिनलपायी किती चांगल्या बॅटऱ्या भंगारात गेल्या असतील! आणि दुकानदाराने 'गेली' म्हटलं तर एवढंच म्हणावं, 'भाऊ, आकडे बिलाच्या मागे लिहून द्या.' हे मागायला कायदा लागत नाही.

सभागृहाच्या दाराशी टेबलावर एक मीटर ठेवायला सांगितला आहे. तुमच्या गाड्या संध्याकाळपासून उभ्या आहेत. दिवे एक मिनिट लावून बंद करा, थोडं थांबा आणि मोजा. तोवर कोणाला प्रश्न असतील तर विचारा.